तलंग की कोंबडा? आधी कमरेवरची पिसे बघा

प्रश्न : आठवडी बाजारातून दोन महिन्यांच्या 30 गावरान तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) अंड्यांसाठी म्हणून घेतल्या. आता त्यातले 11 आरवायला लागले. घेतानाच नर-मादी कशी ओळखायची? टोकदार अंड्यातून नर निघतो म्हणतात, ते खरे का?

उत्तर : अंड्याचे आधी सांगतो. आकारावरून काहीही कळत नाही, त्यामुळे गोल अंडी निवडून उबवायला ठेवण्यात अर्थ नाही. एक दिवसाच्या गावरान पिल्लाचेही दिसण्यावरून खात्रीने सांगता येत नाही. पंखांच्या लांबीवरून किंवा रंगावरून पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळी करतात ती त्यासाठीच जुळवलेल्या संकरित जातींत. आपल्या परसातल्या मिश्र कोंबड्यांना ते लागू पडत नाही.

दोन महिन्यांच्या पिल्लात बहुतेक जण फक्त तुरा बघतात. नराचा तुरा या वयात मोठा आणि लालसर होऊ लागतो, मादीचा बारीक आणि फिकट राहतो, हे बरोबर आहे. पण जंत झालेल्या, खुरटलेल्या नराचा तुराही फिकाच असतो, आणि माझ्या मते बाजारात फसगत होते ती इथेच. कडकनाथमध्ये तर तुरा काळपट असतो, तिथे लाली शोधू नका, आकार बघा. नराचे पाय जाड आणि उभे राहणे ताठ असते. पायाच्या काट्यावर मात्र या वयात विसंबू नका.

खरी खूण दहा-बारा आठवड्यांनी दिसते. पक्षी काखेत धरा, डोके मागच्या बाजूला ठेवा आणि पाठीवर, शेपटी सुरू होण्याआधीची पिसे बोटांनी उलगडून बघा. मादीचे पीस टोकाला गोल असते. नराची नवी पिसे अरुंद, टोकदार, चकाकणारी येतात आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना ओघळतात. मानेवरही तोच फरक दिसतो, पण उघड्या मानेच्या जातीत तिथे बघण्यासारखे काही नसते, म्हणून कमरच बघा. असे एकही टोकदार पीस सापडले तर तो नर समजा, तुरा कितीही लहान असो.

म्हणून पुढच्या वेळी जरा जास्त पैसे गेले तरी बारा आठवड्यांच्याच तलंगा घ्या, आणि शंका आली तर त्याच वयाच्या दुसऱ्या पक्ष्याशेजारी धरून ताडून बघा.

आता हे 11 नर वेगळ्या खुराड्यात ठेवा. एकत्र राहिले तर माद्यांना खाद्य कमी पडते आणि त्यांच्या पाठी सोलून निघतात. अंडी फक्त खायला-विकायला हवी असतील तर नराची गरजच नाही, कोंबडी त्याच्याशिवाय अंडी देते. पिल्ले काढायची असतील तर 8 ते 10 माद्यांमागे एक, म्हणजे तुमच्या 19 माद्यांना दोन नर पुरे. तेही याच कळपातले नकोत. एकाच घरची भावंडे असू शकतात, म्हणून दुसऱ्या गावातून आणा आणि हे 11 वजनावर विकून टाका.