गार पाण्यातले खत वर कसे येते?

प्रश्न : श्रावणात समुद्राचे पाणी अंगाला गार लागत नाही, तरीही आमच्याकडचे रापणकार सांगतात, की या दिवसांत तळाचे पाणी गार झालेले असते आणि त्यावरच तारले-बांगडे पोसतात. गार समुद्रातील पोषकद्रव्ये प्रवाहांबरोबर उबदार समुद्रात येतात, हे खरे का? – एक वाचक, मोरजी

उत्तर : रापणकारांचे निरीक्षण बरोबर आहे. नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट हे समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींचे, म्हणजे वनस्पतिप्लवकांचे, खत होय. उजेड असलेल्या वरच्या थरात ते झपाट्याने संपते; मेलेले प्लवक खाली जाऊन कुजतात आणि तेच खत काळोख्या पाण्यात साठत राहते. गार पाणी सकस असते ते गारव्यामुळे नव्हे, तर ते खोल राहून आलेले असते म्हणून.

दूरची वाहतूकही मुख्यतः खोलातूनच होते. अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागराच्या उत्तर कडेला पाणी थंडीने जड होऊन काहीशे मीटर खाली जाते आणि उरलेली पोषकद्रव्ये घेऊन विषुववृत्ताकडे सरकते. 30 अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडील समुद्रांत प्लवकांची जी वाढ होते, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या पुरवठ्यावर अवलंबून असल्याचा अंदाज 2004 मध्ये एका संगणकीय अभ्यासाने मांडला.

आपल्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे, वळते आणि त्याची जागा घ्यायला खालचे गार पाणी तळावरून किनाऱ्याकडे चढते. दक्षिण केरळात ते पृष्ठभागापर्यंत पोहोचते. गोव्यात मात्र पावसाचे आणि मांडवी-झुआरीचे गोडे पाणी हलके असल्याने पाच-दहा मीटर जाडीचे झाकण होऊन वर राहते, म्हणून पोहणाऱ्याला गारवा जाणवत नाही. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोर वर्षानुवर्षे नमुने घेत आले आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेथे वरच्यापेक्षा तळाचे पाणी पाच-सहा अंशांनी गार भरते.

या सकसपणाची दुसरी बाजू मला अधिक काळजीची वाटते. वर चढणाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. भरभरून वाढलेले प्लवक कुजताना उरलासुरलाही संपतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी कधी तळाच्या पाण्याची बाटली उघडताच सडलेल्या अंड्यांचा वास येतो. अशा पाण्यात तळाच्या मासळीला राहवत नाही. हिवाळ्यात प्रवाह उत्तरेकडे फिरला, की गार थर खाली उतरतो आणि तळाला पुन्हा प्राणवायू मिळतो.