तक्ता पाठ आहे, तरी बोलताना 'ही', 'हिम', 'हिज' यांत गोंधळ का होतो?

तुम्ही लिहिलंय की सर्वनामांचा तक्ता घडाघडा म्हणता येतो, पण वाक्य बोलायची वेळ आली की अडायला होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांचंही नेमकं इथेच अडतं आणि दोष पाठांतराचा नसतो. आपण मराठीतला प्रत्यय बघून इंग्रजी सर्वनाम निवडतो, तिथे घोळ होतो.

'त्याला' दिसलं की मुलं 'हिम' लिहितात. 'मी त्याला पाहिलं' इथे ते बरोबर आहे: 'आय सॉ हिम'. पण 'त्याला ताप आहे', 'त्याला गाणं आवडतं', 'त्याला पोहता येतं' या तिन्ही वाक्यांत इंग्रजीला कर्ता लागतो: 'ही हॅज अ फीवर', 'ही लाइक्स म्युझिक', 'ही कॅन स्विम'. 'त्याने पत्र लिहिलं' यातसुद्धा 'ही'च. म्हणून 'ला', 'ने' बघू नका. इंग्रजी क्रियापद कोणाबद्दल बोलतंय ते बघा. तो क्रियापदाच्या आधी कर्ता म्हणून आला तर 'ही'. क्रियापदानंतर कर्म म्हणून किंवा 'टू', 'फॉर', 'विथ' यांच्यामागून आला तर 'हिम'.

'हिज'ची अडचण वेगळी आहे. 'राजूने दिनेशला आपल्या घरी सोडलं' आणि 'त्याच्या घरी सोडलं' यांतला फरक मराठी माणसाला लगेच कळतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज हाउस'च येतं, घर कोणाचं ते समजत नाही. अशा वेळी सरळ नाव घ्या: 'दिनेशेस हाउस'. यात कमीपणा काही नाही, इंग्रज माणूसही हेच करतो.

आदरार्थी बहुवचन मात्र मराठीतच ठेवायचं. 'बाबा आले, ते दमलेत' यातल्या 'ते'साठी 'दे' नाही, 'ही'. 'यू'बरोबर एकाच माणसासाठीही 'आर' का, असं मुलं विचारतात. 'यू' मूळचं अनेकवचनी. एकाला 'दाउ' म्हणत. पुढे आदराने एकालाही 'यू' म्हणू लागले, आपल्या 'तुम्ही'सारखं, आणि 'दाउ' रोजच्या बोलण्यातून गेलं. क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिलं.

आणि मुलाखतीत 'मायसेल्फ सुनील' अजिबात नको. 'मायसेल्फ' आधीच्या 'आय'च्या आधाराने येतं, जसं 'आय हर्ट मायसेल्फ'. ओळख करून देताना 'आय ॲम सुनील' एवढंच म्हणा.