मला औषधांतलं काय कळतं?

पोरी,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते. उत्तर मुद्दाम दिलं नाही. अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळं व्हावं असला विषय नव्हता तो. आज सकाळी भाजी निवडून झाली आणि कागद घेऊन बसले. सहा वर्षं शाम्पू विकलास, आता कॅन्सरच्या औषधांच्या टीममध्ये बोलावतायत, आणि तू मला विचारतेस, "मावशी, माझं बी.ए. जर्मनमध्ये झालंय. मला औषधांतलं काय कळतं?"

हो म्हण की नको म्हण, ते मी सांगणार नाही. तुझ्या आईनं तशी तंबीच दिली आहे मला. पण तुझा प्रश्न वाचला आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या ब्रिटिश औषध कंपनीची सीईओ झालेली एमा वॉम्सली आठवली. तिला तुझाच प्रश्न जाहीरपणे, वर्तमानपत्रांतून, वर्षानुवर्षं विचारला गेला.

बॅरो-इन-फर्नेस या इंग्लंडच्या वायव्येकडच्या गावात १९६९ साली ती जन्मली. पाणबुड्या बांधणारं गाव, आणि वडील ब्रिटिश नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल पदापर्यंत गेलेले. ऑक्सफर्डला तिनं काय घेतलं? अभिजात आणि आधुनिक भाषा. म्हणजे तुझ्यापेक्षाही एक पायरी लांबच. आपल्याकडे संस्कृतात बी.ए. केलेली मुलगी, असं समज. मग लॉरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत १६-१७ वर्षं. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, शांघाय. मेबेलिन, गार्निए, लिपस्टिक, केसांचे रंग. शेवटची काही वर्षं चीनमधला ग्राहक-उत्पादनांचा धंदा तिच्याकडे होता. चार मुलं. २०१० मध्ये ती ग्लॅक्सोस्मिथक्लाइनमध्ये, म्हणजे आताच्या जीएसकेमध्ये आली, तीही टूथपेस्ट आणि वेदनाशामक मलमांच्या बाजूला. १ एप्रिल २०१७ ला ती सगळ्या कंपनीची सीईओ झाली. जगातल्या मोठ्या औषध कंपन्यांपैकी एखादीच्या प्रमुखपदी बाई बसण्याची ती पहिलीच वेळ.

त्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच शेपूट तिच्या नावामागे राहिलं. हिला विज्ञानाची पार्श्वभूमी नाही.

आता यातली गंमत बघ. तिच्या आधीचा सीईओ अँड्र्यू विटी हा अर्थशास्त्राचा पदवीधर होता. त्याच्यामागे हे शेपूट इतकं कुणी लावलं नाही. हे वाचल्यावर मी पहिल्यांदा "बघा!" असं जोरात म्हणाले होते, घरात कुणी नसताना. पण पुरतं खरं सांगायचं तर दुसरी बाजूही आहे. विटी १९८५ पासून ग्लॅक्सोतच वाढला होता. औषधं विकता विकता त्याचे केस पिकले होते. वॉम्सली बाहेरून आली होती आणि औषधांच्या मूळ धंद्यात तिनं कधी काम केलं नव्हतं. म्हणजे प्रश्नात बाईपणाचा वास होता, आणि प्रश्न बिनबुडाचाही नव्हता. तुला विचारतील तेव्हाही असंच असेल. दोन्ही एकाच वाटीत कालवलेलं मिळेल, वेगळं करून खायचं काम तुझं.

तिनं काय केलं ते बघ. जुलै २०१७ मध्ये, म्हणजे खुर्चीत बसून चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, तिनं ३० हून अधिक औषधांवरचं संशोधन बंद किंवा कंपनीबाहेर करायचं ठरवलं आणि पैसा मोजक्या आजारांवर लावला. प्रत्येक रेणूमागे एखादा शास्त्रज्ञ असतो, पाच-सात वर्षं त्यात घातलेला. त्याला 'थांब' म्हणायला रसायनशास्त्र लागत नाही, पण सोपंही नाही ते. मग संशोधनाच्या प्रमुखपदी तिनं हॅल बॅरन यांना आणलं. हृदयविकारांचे डॉक्टर, जेनेन्टेक या अमेरिकी औषध कंपनीत नाव कमावलेले. ते सॅन फ्रान्सिस्कोतच राहणार, लंडनला येणार नाहीत, हेही कबूल केलं. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं त्याला शोधायचं, आणि मग त्याला उगाच हाताखालचा कारकून करून ठेवायचं नाही. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत हे करणारे साहेब मी एका हाताच्या बोटांवर मोजले.

आता ३ डिसेंबर २०१८ या एका दिवसाबद्दल सांगते. मी त्या दिवसावर फार विचार केला आहे. तेव्हा मी निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं आणि सकाळी वर्तमानपत्राचं व्यापाराचं पान पहिल्यांदा वाचायची सवय सुटली नव्हती. बातमी होती की जीएसकेचं हॉर्लिक्स हिंदुस्तान युनिलिव्हरकडे जाणार. ३१,७०० कोटी रुपयांचा व्यवहार. तुला हॉर्लिक्स म्हणजे काय ते माहीत आहे, पण आमच्या पिढीला जे माहीत आहे ते नाही. कुणी आजारी पडलं की त्याला बघायला जाताना मोसंबी आणि हॉर्लिक्सची काचेची बाटली न्यायची. आजारी माणूस बरा झाला की बाटलीत साबुदाणा. माझ्याकडे अजून एक आहे, झाकण मात्र दुसऱ्याच कशाचं तरी. हॉर्लिक्सची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ भारत. असा घट्ट बसलेला, हुकमी खप असलेला ब्रँड विकायचा?

आणि त्याच दिवशी दुसरी घोषणा. टेसारो नावाची अमेरिकेतली कॅन्सरच्या औषधांची कंपनी ५.१ अब्ज डॉलरला विकत घेणार. लंडनमध्ये जीएसकेचा शेअर त्या एका दिवसात ७-८ टक्क्यांनी पडला. महाग घेतली, असं बहुतेकांचं मत. साबुदाण्याची बाटली देऊन पेटीतला बंद जिन्नस घेतला म्हण ना.

त्या पेटीत काय होतं? जून २०२२ मध्ये तुला आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता, आठवतोय? 'कॅन्सरवर औषध सापडलं, सगळे रुग्ण बरे', आणि खाली हात जोडलेले. मूळ बातमी छोटी पण खरी होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचे, आणि तोही एका विशिष्ट जनुकीय प्रकारचा, १२ रुग्ण. उपचारानंतर एकाच्याही शरीरात गाठ दिसेना. औषध डॉस्टारलिमॅब. ते टेसारोबरोबर आलेलं. फॉरवर्ड पाठवणाऱ्या तुझ्या मामाला मी तेव्हा लिहिलं होतं, "१२ रुग्ण म्हणजे सगळे रुग्ण नव्हेत." तो दोन दिवस रुसला होता.

हे वाचून तुला वाटेल, वा, बाईंचा निर्णय बरोबर ठरला. थांब. २०१९ च्या फेब्रुवारीत तिनं जर्मनीच्या मर्क कंपनीशी आणखी एका कॅन्सरच्या औषधासाठी करार केला. सगळे टप्पे पार पडले असते तर ३.७ अब्ज युरोपर्यंत जाणारा. ते औषध चाचण्यांत नापास झालं आणि २०२१ मध्ये करार गुंडाळला. कोविडच्या काळात लशींमधली ही एवढी दादा कंपनी, पण सानोफीबरोबरची तिची लस वयस्कांमध्ये कमी पडली, मागे राहिली, आणि जगाला लस भलत्यांनीच दिली. पुढे २०२३ च्या मे महिन्यात वयस्कांसाठीची आरएसव्हीची (श्वसनमार्गाच्या एका विषाणूवरची) पहिली लस अमेरिकेत मंजूर झाली ती मात्र जीएसकेचीच, फायझरच्या काही आठवडे आधी. औषधांत असंच असतं. शाम्पूचा सॅशे तू मार्चमध्ये काढलास तर जूनमध्ये तुला कळतं तो चालला की नाही. इथे आज घेतलेला निर्णय बरोबर होता का, ते कळेपर्यंत तुझी बदली झालेली असते. हे तुला सोसणार आहे का, हा माझ्या मते तुझा खरा प्रश्न. जर्मनचं सोड.

आणि आता माझी गोष्ट. ही तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

मी बी.कॉम. आमच्या औषध कंपनीत अकाउंट्समधून प्रॉडक्टच्या बाजूला आले तेव्हा मीटिंगमध्ये आठ जण असायचे. सात फार्मसीवाले आणि मी. एका सिरपचं लाँच होतं. स्टॅबिलिटीचा, म्हणजे औषध किती तापमानात किती टिकतं त्याचा रिपोर्ट टेबलावर फिरला. मी तो उघडला, पानं उलटली, मान हलवली आणि पुढच्याकडे दिला. मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. बाहेर येऊन कार्टनच्या मजकुरावर सही केली, प्रिंटरकडे ऑर्डर गेली. आदल्या सिरपच्या कार्टनवर '३० अंश सेल्सियसखाली ठेवा' होतं, तेच मी इथे उचललं होतं. रिपोर्ट म्हणत होता २५. चाळीस हजार कार्टन छापून गोदामात आल्यावर क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागातल्या एका मुलानं तो आकडा पकडला, म्हणून माल बाहेर गेला नाही. कार्टन सगळे रद्दीत. साहेबांनी मला बोलावलं. मी म्हटलं, मला रिपोर्ट वाचता आला नाही. ते म्हणाले, "मग मान कशाला हलवलीत?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्या मुलाकडे मी पुढचे दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन जायचे आणि तो मला रिपोर्ट वाचायला शिकवायचा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. मेथीची भाजी त्याला फार आवडायची.

नवी सून पहिले दोन-तीन महिने 'हिंगाचा डबा कुठे?' म्हणून विचारते तेव्हा सगळे कौतुकानं सांगतात. वर्षानं विचारलं की सासू जावेकडे बघते. तुझंही तसंच. जॉइन झालीस तर पहिल्या तिमाहीत सगळे डबे उघडून घे. 'प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल' (आजार न वाढता गेलेला काळ) म्हणजे नेमकं काय मोजतात, आणि पेशंट जगला किती ते त्यात येतं की नाही, हे भर मीटिंगमध्ये विचार. मेडिकलची माणसं हसली तर हसू दे. एमआरबरोबर आठवडाभर फील्डला जा, ऑन्कॉलॉजिस्टच्या ओपीडीबाहेर बाकावर बस. तिथे नातेवाईक एकमेकांना जे विचारतात ते कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये नसतं. उपचाराच्या एका सायकलला किती, विमा देतो का, गावाकडून पुन्हा कधी यायचं.

वॉम्सलीवर परत येते. २०२१ मध्ये इलियट नावाच्या अमेरिकी गुंतवणूक फंडानं जीएसकेचे शेअर घेतले आणि १ जुलैला जाहीर पत्र काढलं. संचालक मंडळावर औषधांचे जाणकार आणा, आणि औषधं एकीकडे, टूथपेस्ट-मलमांचा ग्राहक-विभाग दुसरीकडे अशी कंपनी दुभंगल्यावर प्रमुख कोण हे बाहेरची-आतली माणसं तपासून ठरवा. सरळ अर्थ, बाईंनी आपल्याच खुर्चीसाठी पुन्हा अर्ज करावा. दुसऱ्या एका फंडानंही तोच सूर लावला. तिनं खुर्ची सोडली नाही, मंडळ पाठीशी राहिलं. पण पत्रातलं सगळंच तिनं कचऱ्यात टाकलं असंही नाही. मंडळावर विज्ञानाची माणसं पुढे आली. २०२१ च्या डिसेंबरात युनिलिव्हरनं ग्राहक-विभागासाठी ५० अब्ज पौंड देऊ केले होते, ते तिनं नाकारले आणि २०२२ च्या जुलैत तो विभाग हेलिऑन या नावानं वेगळा केला. तुझ्या ड्रॉवरमधलं आयोडेक्स, क्रोसिन, ईनो आता त्या हेलिऑनचं. बाजारानं पहिल्या दिवशी त्याची किंमत केली सुमारे ३० अब्ज पौंड. आता हे चुकलं की नाही यावर लोक अजून भांडतात. माझं मत विचारशील तर ५० घ्यायला हवे होते. पण मी वाण्याच्या घरातली.

आणि शेवट. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जाहीर झालं की ती पायउतार होणार, १ जानेवारी २०२६ पासून ल्यूक मील्स. त्यालाही २०१७ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकामधून तिनंच आणलं होतं. २०२४ मध्ये कंपनीची विक्री ३१ अब्ज पौंडांवर होती आणि २०३१ साठी ४० अब्जांहून अधिकचं लक्ष्य तिनं मांडून ठेवलं होतं. तरी ती जाणार ही बातमी आली त्या दिवशी शेअर वर गेला. मी ते वाचलं तेव्हा चहा थंड झाला होता माझा. साडेआठ वर्षं! असो.

पगाराचं विसरत होते. तिला सीईओ केलं तेव्हा मूळ पगार विटीपेक्षा कमी ठेवला होता, पहिल्यांदाच सीईओ होतेय म्हणून. तुलाही 'फार्मात नवीन' म्हणून कापतील. काही प्रमाणात ते ठीकही आहे. पण वर्षानं तो किती वाढणार हे आत्ताच लेखी घे, नंतर कुणाला आठवत नाही.

ऑफर लेटरचं नोटीस पीरियड असलेलं पान फोटो काढून पाठव, चष्मा लावून वाचते. आणि कुठली तीन औषधं तुझ्याकडे येणार ते मुलाखतीत विचारलं होतंस का? नसेल तर सोमवारी एचआरला फोन कर, आधी ते विचार. शनिवारी आलीस तर मेथी करते. तो क्यूएचा मुलगाही येणार आहे. आता टक्कल पडलंय त्याला. पण स्टॅबिलिटीचा रिपोर्ट तुला त्याच्याइतका चांगला कुणी शिकवणार नाही.

तुझी,
मावशी