राखाडी की हस्तिदंती? आधी सोमवारचा पेंटर कॅन्सल करा

ठाण्याच्या ताई, पत्र दोनदा वाचलं. बेडरूमला नवऱ्याला राखाडी हवाय, तुम्हाला हस्तिदंती, त्यावरून तीन आठवडे घरात धुसफूस, भिंतीवर दोन पॅच मारून ठेवलेत, सोमवारी पेंटर येतोय आणि निकाल मी द्यायचा. घ्या निकाल. खिडकी उत्तरेला म्हणजे ऊन आत जवळजवळ येतच नाही, वर पांढरी ट्यूब, तिथे राखाडी निळसर आणि गार दिसणार, म्हणून हस्तिदंती. जिंकलात. झालं समाधान?

आता तुमचंच शेवटचं वाक्य परत वाचा. "खोलीत सध्या सासूबाई असतात पण त्यांना मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही, त्यामुळे त्यांना रंगाचा तसाही फरक पडत नाही."

अहो, पिकायची वाट बघायला तो काय हापूस आहे? ते जुन्या काळी. आता दिसायला अडायला लागलं की करतात ऑपरेशन, साधारण 15-20 मिनिटांचं काम, बहुतेक जण त्याच दिवशी घरी. आणि फरक पडत नाही हे कोणी ठरवलं, त्यांना विचारलंत? मोतीबिंदूत डोळ्यातली लेन्स पिवळट होत जाते, म्हणजे सगळं जग चहा सांडलेल्या काचेतून बघायचं. माझ्या आईचं ऑपरेशन झालं, दोन दिवसांनी रोजचीच साडी हातात धरून म्हणते, "अगं ही निळी आहे होय, मी इतके दिवस हिरवी म्हणून नेसतेय." आम्हा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दोन्ही रंगांचे शेड नंबर लिहिलेत तुम्ही पत्रात, सासूबाईंचं वय मात्र कुठेच नाही.

तर सोमवारी पेंटर नाही, डोळ्यांचे डॉक्टर. भिंत घासताना पुट्टीची जी धूळ उडते ती नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजिबात नको, त्यामुळे आधी डोळा, मग भिंत. नंतर महिनाभर तरी थेंब घालावे लागतात, तोवर पॅच राहू देत तिथेच. पेंटर कुरकुर करेल, करू दे, पुढची तारीख घ्या. डॉक्टर हो म्हणाले की आईंना खुर्ची टाकून पॅचसमोर बसवा, एकदा सकाळी, एकदा रात्री ट्यूब लावून, आणि तुम्ही दोघं स्वयंपाकघरात थांबा. हो, नवरोबासुद्धा. राखाडी म्हणाल्या तर राखाडी.