सिंह नको, शेकरू काढा

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर गावकरी आणि मुलं मिळून प्राणी-पक्षी रंगवणार आहेत. मुलांना सिंह, जिराफ हवेत. मागच्या वर्षीचा रंग तर पावसाळ्यात सुटला. काय करावं?
– एक शिक्षिका, खेड तालुका

उत्तर : ताई, भीमाशंकरचं जंगल तुमच्या उशाशी असताना सिंह कशाला? शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, काढा. पाठ तांबूस, पोट फिकट, शेपूट अंगाहून लांब नि झुपकेदार. ती फांदीवरून खाली लोंबू द्या. शेजारी हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर. त्याचे पाय पिवळेधमक असतात, मुलं हमखास पारव्यासारखे लाल रंगवतात. ब्लू मॉर्मन फुलपाखरूही हवंच, २०१५ साली ते आपलं राज्य फुलपाखरू झालं. त्याची अळी लिंबाच्या पानांवर वाढते. मी मुलांना आधी लिंबाच्या झाडापाशी नेतो, मगच हातात ब्रश देतो.

रंग सुटला तो बहुतेक ओलीमुळे. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार, खरवडून काढा, पायथ्याशी पाणी साचतं का बघा. गिलावा नवा असेल तर महिनाभर सुकू द्या. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर (रंगाआधीचा हात) आणि त्यावर ॲक्रिलिक इमल्शन रंग. काम दिवाळीनंतरच काढा.

खालचा तीन फुटांचा पट्टा मात्र बालवाडीसाठी राखा. मुंग्या, खेकडे, गोगलगायी त्यांनाच काढू देत.