जुना व्हॉल्व्हचा अँप घेतोयस तर

भावा, गिटारचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप घे की, पण आधी मागची पाटी वाच. अमेरिकेतले फेंडर कंपनीचे जुने अँप साधारण ११०-१२० व्होल्टवर चालतात, आपल्याकडं २३०. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर न लावता थेट प्लगमध्ये घातलास तर अँप गेलाच. आणि स्पीकर जोडल्याशिवाय वाजवू नकोस, अँपमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता आवाजाचं. फेंडरच्या डीलक्स रिव्हर्बसारख्या २२ वॅटच्या अँपचा व्हॉल्यूम ६ वर ठेव आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ४ वर आण. मघाशी गुरगुरणारा सूर लख्ख होतो. पुन्हा वाढवून जोरात छेडलास की परत फाटतो. व्हॉल्व्ह सूर एकदम कापत नाही, हळूहळू दाबत नेतो, म्हणून सगळं तुझ्या बोटात येतं. मला हे उमगायला दोन वर्षं लागली. तोवर मी नुसते आवाज बदलणारे पेडल घेत होतो. व्हॉक्स एसी३० अँपमधल्या ईएल८४ व्हॉल्व्हची चमक वेगळी, ६व्ही६ व्हॉल्व्हचा गोडवा वेगळा. माझा जीव ६व्ही६ वर.

पण तू राहतोस पेठेत, भिंतीला भिंत. तिथं २२ वॅट या अँपच्या खऱ्या आवाजात वाजवताच येणार नाही. फेंडरचाच ५ वॅटचा चँप बघ, त्यात एकच ६व्ही६ असतो.

पावसाळ्यात अँप महिनोन्‌महिने बंद ठेवू नकोस, व्हॉल्व्हचे सॉकेट गंजतात. दुरुस्तीला व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेला जुना कारागीर शोध. स्वतः उघडू नकोस. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.