वडिलांना नकळत लघवी होते, पाणी कमी करावं का?

वडील ६८ वर्षांचे, दिवसभर थेंब थेंब गळतं, लाजेपायी डॉक्टरकडे येत नाहीत, तर पाणी कमी करून डायपर लावावा का, असं तुम्ही विचारलंय. पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की लघवीच्या पिशवीला झोंबते आणि जास्तच लागते. डायपर गरजेपुरता लावा, पण आधी कारण शोधा.

मी सांगलीचा. डॉक्टर नाही, पण या दुखण्यातून गेलोय. दोन वर्षांपूर्वी लग्नाकार्याला जाणं बंद झालं होतं. एसटीनं पुण्याला जायचं म्हटलं तरी धास्ती. वाटायचं, पिशवी सैल झाली. सकाळी फिरायला येणाऱ्या एका मित्राला वारंवार लघवीसाठी गोळी चालू होती, ती मी त्याच्याकडून मागून घेतली. शहाणपणाच तो! तिसऱ्या रात्री लघवी साफ बंद. पोट दगडासारखं. पहाटे मुलानं मिरजेला नेलं, नळी घातली तेव्हा लिटरभर निघाली.

म्हणजे माझी पिशवी सैल नव्हती, तुंबली होती. पिशवीच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे वाट अरुंद झालेली, भरलेली पिशवी वरच्या वर सांडत होती. आम्हा कृष्णाकाठच्यांना हे कळायला हवं होतं: सांडव्यावरून पाणी येतं ते धरण भरल्यावर. त्यात माझी ती गोळी पिशवीचं आकुंचन आणखी ढिलं करणारी.

दिवसभर ठिबकतं म्हणता, म्हणून तुमच्या वडिलांचंही आधी हेच तपासून घ्या. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते मोजतात. ५० मिलीच्या आत असेल तर चिंता नको. माझी नंतरही ३०० च्या वर होती. सोबत लघवीची तपासणी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ती रक्ततपासणी) आणि डॉक्टरांना वाटलं तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी.

खोकताना, उठताना गळत असेल तर लघवी रोखून धरणारी झडप कमजोर. पुरुषांत हे बहुधा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर होतं. एकदम लागून संडास गाठेपर्यंत होत असेल तर पिशवी उतावीळ. मागे मधुमेह, लकवा, पार्किन्सन किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. आणि लघवी करून बाहेर आल्यावर दोन थेंब पडतात ते मूत्रनलिकेत राहिलेले. अंडकोषाच्या मागे बोटांनी हलकं दाबत पुढे आणलं की निघून जातात.

मला आधी लघवीची वाट सैल करणारी टॅम्सुलोसिन ही गोळी दिली. तिनं अंथरुणातून उठताना गरगरतं, म्हणून दोन मिनिटं काठावर बसायचं. तेवढ्यानं भागलं नाही, मग दुर्बिणीतून ऑपरेशन. त्यानंतर महिनाभर थोडं गळलं. वायू अडवताना जो स्नायू आवळतो तो पाच सेकंद आवळायचा, सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि लघवी करताना हा व्यायाम करू नये. झडप पारच निकामी असेल तर कृत्रिम झडपही बसवता येते, पण ती महाग.

लघवी अडली, रक्त आलं, थंडी वाजून ताप आला किंवा पायांतली ताकद गेली तर उद्यावर टाकू नका. नाहीतर यूरोलॉजिस्टची (मूत्ररोगतज्ज्ञाची) वेळ घ्या आणि वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, सर्दीचीसुद्धा. काही सर्दीच्या गोळ्यांनीही लघवी अडते.